गाऊटची गोळी सुरू केली आणि गुडघा सुजला. आता ती बंदच ठेवायची का?

ताई, नमस्कार.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही ऐरोलीच्या, मिस्टर ४६ वर्षांचे, रबाळे एमआयडीसीत शिफ्टची नोकरी. चौदा महिन्यांत तीनदा पायाने दगा दिला, दोनदा उजवा अंगठा आणि एकदा घोटा. रक्तात युरिक ॲसिड ९.२, किडनीच्या कामाचा अंदाज देणारं क्रिएटिनिन १.२. डॉक्टरांनी युरिक ॲसिड उतरवणारी फेबुक्सोस्टॅट ४० मिलिग्रॅम रोज एक अशी गोळी लिहून दिली आणि अकराव्या दिवशी डावा गुडघा टम्म फुगला. सासूबाई म्हणाल्या औषध गरम पडलं, म्हणून गोळी बंद. त्याच दुखण्यात काढलेला रिपोर्ट ६.४ आला, तर दीर म्हणाले आता नॉर्मल आहे, कशाला हवी गोळी. तुम्ही घरात डाळ, पालक, टोमॅटो सगळं बंद केलंय. आणि विचारताय की गोळी परत सुरू करावी का, जन्मभर घ्यावी लागेल का, किडनीवर जाईल का, नुसत्या पथ्यावर भागणार नाही का.

मी ठाण्यात २७ वर्षं फिजिशियन म्हणून काम करतोय. गाऊटचा, म्हणजे युरिक ॲसिडचे खडे सांध्यात साठून सांधा सुजण्याच्या आजाराचा, पेशंट आला नाही असा आठवडा जात नाही, आणि गोळी सोडण्याचं हेच कारण मी शेकडो वेळा ऐकलंय. माझ्या मते तुमच्या मिस्टरांना गोळीची गरज आहे. गुडघा सुजला तो गोळी चुकीची होती म्हणून नव्हे. ती सुरू करताना सोबत जे द्यायला आणि सांगायला हवं होतं, ते राहून गेलं. पण इथे बसून मी त्यांचा गुडघा दाबून पाहू शकत नाही, म्हणून जिथे परिस्थितीप्रमाणे उत्तर बदलतं तिथे तसं सांगत जाईन.

सगळ्यात आधी तो गुडघा. सूज अजून असेल आणि अंगात ताप, थंडी वाजणं असं काही असेल, तर हे वाचणं थांबवून त्यांना दवाखान्यात न्या. सांध्यात जंतुसंसर्ग झाला तरी गुडघा असाच लाल, गरम आणि सुजलेला दिसतो, आणि नुसतं पाहून फरक कळेलच असं नाही. सुईने पाणी काढून तपासलं की कळतं. गाऊट असेल तर त्या पाण्यात सूक्ष्मदर्शकाखाली सुईसारखे टोकदार स्फटिक दिसतात. गाऊट आधीच ठाऊक आहे म्हणून प्रत्येक सूज गाऊटचीच, असं कधी धरू नका.

आता गोळीकडे. तुम्ही स्वयंपाकघर सांभाळता म्हणून मुरांब्याचंच उदाहरण देतो. पाकात साखर मावेल तितकी विरघळते. जास्त झाली आणि बरणी थंड जागी राहिली, की मुरांब्याला साखर धरते. तळाशी, कडेला दाणे जमतात. रक्तातल्या युरिक ॲसिडचं असंच आहे. शरीराच्या नेहमीच्या तापमानाला साधारण ६.८ पर्यंत ते विरघळलेलं राहतं, त्यापुढे खडे धरायची शक्यता सुरू होते. पायाचा अंगठा हृदयापासून लांब, शरीराच्या मानाने थंड, आणि दिवसभर बुटात चेपलेला. पहिले खडे तिथे बसतात ते म्हणूनच. तुमच्या मिस्टरांच्या रक्तात ९.२ होतं, आणि ते काही गेल्या महिन्यात वाढलेलं नाही. कित्येक वर्षं काहीही न दुखता हा साठा सांध्यांत भरत गेलेला असणार.

म्हणजे गाऊटमध्ये दोन वेगळी कामं आहेत. पेटलेला सांधा विझवणं हे पहिलं. त्यासाठी नेप्रोक्सेनसारखी वेदनाशामकं, कोल्चिसिन किंवा थोडे दिवस स्टिरॉइड. आणि साठलेले खडे विरघळवून काढणं हे दुसरं. त्यासाठी फेबुक्सोस्टॅट किंवा ॲलोप्युरिनॉल. ही दुसरी गोळी वेदनाशामक अजिबात नाही. ती आज घेतली म्हणून आजचं दुखणं तसूभरही कमी होत नाही. लोक तिच्याकडून पहिल्या कामाची अपेक्षा ठेवतात, ते झालं नाही की गोळी लागू पडली नाही म्हणून सोडून देतात.

मग गुडघा का सुजला? गोळीने रक्तातलं युरिक ॲसिड झपाट्याने उतरलं. सांध्यात घट्ट बसलेले खडे वरून विरघळायला लागले, सैल झाले, त्यांचे कण सुटून सांध्याच्या पाण्यात आले. शरीराच्या पांढऱ्या पेशींना हे सुटे कण म्हणजे हल्लाच वाटतो आणि त्या तुटून पडतात. लाली, सूज, ठणका हे त्या लढाईचं रूप. डाव्या गुडघ्यात खडे आधीपासून होते, तुम्हाला ठाऊक नव्हते एवढंच. त्रास खराच झाला, तो मी कमी लेखत नाही. या दुखण्यात चादर पायावर टेकली तरी माणूस ओरडतो. पण तो त्रास म्हणजे औषध उलटल्याची खूण नव्हती.

हा त्रास टाळण्याची पद्धत ठरलेली आहे. खडे विरघळवणारी गोळी सुरू करताना सोबत कमी मात्रेत कोल्चिसिन द्यायचं, आपल्याकडे ०.५ मिलिग्रॅमची गोळी मिळते, रोज एक किंवा दोन, आणि ते किमान तीन ते सहा महिने चालू ठेवायचं. तेवढ्यात सांधे बऱ्यापैकी शांत होतात. मी ही जोडी दिल्याशिवाय गोळी सुरू करत नाही. मात्र कोल्चिसिन हे जपून वापरायचं औषध आहे. किडनी कमजोर असेल तर मात्रा घटवावी लागते. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक सोबत आलं तर जिवावर बेतू शकतं. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या चालू असतील तर स्नायू दुखतात का, अशक्त वाटतात का याकडे लक्ष ठेवायचं. जुलाब लागले तर डॉक्टरांना सांगायचं. दुखतंय म्हणून आपल्या मनाने चार-सहा गोळ्या कधीही घ्यायच्या नाहीत, आणि गोळ्या लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवायच्या.

येऊरच्या झाडीत पावसाळ्यात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं येणारी कळलावी तुम्ही पाहिली असेल. तिच्या कंदात हेच कोल्चिसिन असतं. मूठभर कंद माणसाचा जीव घेऊ शकतो. कुणी सांधेदुखीवर म्हणून ती उगाळून प्यायला सांगितली तर स्पष्ट नाही म्हणा. गोळीत मात्रा मोजलेली असते, कंदात ती कुणालाच कळत नाही.

एक गोष्ट माझ्याच हातून घडलेली सांगतो, कारण ती मला अजून बोचते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका एसटी चालकाला मी ॲलोप्युरिनॉल दिलं आणि गर्दीच्या ओपीडीत पुढचं बोलायचं राहिलं. गोळीनंतर त्यांचा घोटा सुजला, त्यांनी ती बंद केली आणि माझ्याकडेही यायचं सोडलं. चार वर्षांनी आले तेव्हा उजव्या कोपरावर लिंबाएवढी गाठ होती आणि कानाच्या पाळीवर तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे ठिपके. कोपराची गाठ फुटून ओल्या खडूच्या लगद्यासारखं पांढरं बाहेर येत होतं. ते युरिक ॲसिडच. बोटं इतकी वाकली होती की गिअरची मूठ धरता येईना. गोळी पुन्हा सुरू केली, या वेळी अर्धा तास बोलून. कोपराची गाठ बसायला दोन वर्षांच्या वर लागलं. बोटं पूर्ण सरळ झाली नाहीत. पहिल्याच दिवशी मी पाच मिनिटं दिली असती तर ती झिजली नसती.

म्हणूनच इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. गाऊटच्या ५१७ पेशंटांपैकी निम्म्यांना प्रशिक्षित नर्सनी आजार नीट समजावला आणि मात्रा हळूहळू वाढवत नेली, बाकीच्यांचे नेहमीचे उपचार चालू राहिले. दोन वर्षांनी नर्सकडच्या गटात ९५ टक्के लोकांचं युरिक ॲसिड ६ च्या खाली होतं, दुसऱ्या गटात ३० टक्के लोकांचं. औषधं काही वेगळी नव्हती. आणि पहिल्या वर्षात नर्सच्या गटातही झटके, म्हणजे सांधा अचानक सुजून दुखण्याचे प्रसंग, कमी झाले नव्हते, ते दुसऱ्या वर्षात घटले. तुमच्या मिस्टरांना हे जरूर सांगा, कारण पहिल्या वर्षाचा धीर महत्त्वाचा आहे.

दीरांच्या ६.४ च्या मुद्द्याबद्दल. झटका चालू असताना युरिक ॲसिड तात्पुरतं उतरलेलं दिसू शकतं, शिवाय त्या दिवसांत गोळीही पोटात होती. तो आकडा हिशेबात धरू नका. दुखणं निवल्यावर दोन-तीन आठवड्यांनी काढलेला रिपोर्ट खरा. आणि लॅबच्या कागदावर ७ पर्यंत नॉर्मल छापलेलं असलं तरी ज्याला गाऊट झालाय त्याच्यासाठी तो नॉर्मल चालत नाही. त्याला ६ च्या खाली राहायचंय, गाठी झालेल्या असतील तर ५ च्या खाली, म्हणजे खडे लवकर विरघळतात.

गोळी मुळात कुणाला द्यायची? वर्षात दोन किंवा जास्त झटके, अंगावर गाठी, किंवा एक्सरेत हाडाची झीज, यातलं एक असलं तरी मी देतो. पहिलाच झटका असेल तर सहसा थांबतो, पण किडनी कमजोर असेल, मुतखडा होऊन गेला असेल किंवा युरिक ॲसिड ९ च्या वर असेल तर पहिल्या झटक्यानंतरही गोळीचा विषय काढतो. तुमच्याकडे तीन झटके आणि ९.२ आहे, त्यामुळे मला फारसा विचार करावा लागत नाही.

कोणती गोळी हे मात्र माणसागणिक ठरतं. नव्याने सुरू करताना मी बहुतेक वेळा ॲलोप्युरिनॉल निवडतो. १९६० च्या दशकापासून वापरात आहे, स्वस्त आहे, आणि ज्यांनी ते शोधलं त्या गरट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. रोज १०० मिलिग्रॅम, किडनी कमजोर असेल तर ५० ने सुरुवात, मग काही आठवड्यांनी रक्त तपासून १०० ने वाढ, आकडा ६ च्या खाली जाईपर्यंत. अनेकांना ३०० लागतात, काहींना त्याहून जास्त. शंभरवर सुरू करून पाच वर्षं शंभरवरच ठेवलेले पेशंट माझ्याकडे येतात आणि म्हणतात गोळी लागू पडत नाही. ती पुरेशी दिलीच गेलेली नसते. तिचा एक धोका क्वचित होतो पण गंभीर आहे. पहिल्या दोन महिन्यांत अंगावर पुरळ, तोंडात फोड, ताप यातलं काहीही आलं तर गोळी त्या क्षणी बंद करून डॉक्टरांकडे जायचं. सुरुवात थोडक्या मात्रेने करण्याचं एक कारण तेच आहे.

तुमच्या मिस्टरांना फेबुक्सोस्टॅट आधीच दिलंय आणि पुरळ वगैरे काही आलं नाही, तर उगाच बदलायला मी सांगणार नाही. फक्त त्यांना आधी हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी, पक्षाघात असं काही झालंय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत आधीपासून हृदयविकार असलेल्या गाऊट पेशंटांमध्ये फेबुक्सोस्टॅटवर हृदयविकाराने झालेले मृत्यू ॲलोप्युरिनॉलपेक्षा जास्त आढळले, आणि २०१९ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने ठळक इशारा छापायला लावला. पुढे २०२० मध्ये युरोपातल्या मोठ्या चाचणीत तसा फरक दिसला नाही. तरीही हृदयविकार असेल तर मी ॲलोप्युरिनॉलकडे वळतो. आणखी एक, कुणी ॲझाथायोप्रिन घेत असेल (किडनी बदललेले, काही संधिवाताचे आणि आतड्याच्या आजाराचे पेशंट घेतात), तर या दोन्ही गोळ्या सोबत घातक ठरतात. घरातली सगळ्या औषधांची पिशवी डॉक्टरांसमोर रिकामी करा.

त्या पिशवीतली एक गोळी मला आत्ताच दिसतेय. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी चालू आहे असं तुम्ही लिहिलंय. यातलं दुसरं औषध लघवीवाटे युरिक ॲसिड बाहेर पडू देत नाही. ते स्वतः बंद करू नका, बीपी उसळेल. पण डॉक्टरांना विचारा की ते काढून दुसरं काही देता येईल का. लोसार्टन हे बीपीचं औषध तर युरिक ॲसिड थोडं उतरवतं. एवढ्या बदलाने ९.२ चं ६ होणार नाही, पण वाट सोपी होईल.

किडनीची भीती मला समजते, आमच्याकडे प्रत्येक घरात ती आहे. पण ती चुकीच्या गोळीला चिकटलीय. नीट तपासण्या करून घेतलेली युरिक ॲसिडची गोळी किडनी बिघडवत नाही. किडनीला खरा धोका आहे तो मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाच्या पाकिटाचा, जे प्रत्येक झटक्याला आठवडाभर चालतं. झटके थांबले की ती पाकिटंही थांबतात.

आता तुमचं पथ्य. ताई, आज संध्याकाळी तुरीच्या डाळीचं वरण करा. तुम्ही घरच्यांसाठी किती मनापासून हे सगळं बंद केलंत ते कळतं, पण डाळी आणि पालेभाज्यांनी गाऊट वाढत नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ४७ हजार पुरुषांवर १२ वर्षं चाललेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात मांस आणि मासळी जास्त खाणाऱ्यांत गाऊट वाढला, प्युरिन (ज्यापासून शरीरात युरिक ॲसिड तयार होतं) असलेल्या भाज्यांनी वाढला नाही, आणि दुधा-दह्याने धोका कमी झाला. आवरायचं ते कलेजी, भेजा, मटणाचं ताट, तारली, बांगडा, मांदेली, सुका जवळा. आगरी-कोळी घरात वाढलेल्या माणसाला मासळी सोडा म्हणणं मला जमत नाही, आठवड्यात एखाद्या वेळी थोडी खाल्ली तर मी भांडत नाही. बिअर मात्र बंदच. दरवर्षी गटारीनंतरच्या तीन-चार दिवसांत माझ्या ओपीडीत एका पायात बूट आणि एका पायात चप्पल घातलेले पुरुष येतात, त्यावरून काय ते ओळखा. बाटलीबंद गोड पेयंही तितकीच वाईट, त्यातल्या फ्रुक्टोजपासून युरिक ॲसिड तयार होतं. आणि कडक उपास नको. नवरात्रात नऊ दिवस नुसत्या पाण्यावर राहिलं तरी युरिक ॲसिड चढतं. शिफ्टमध्ये उष्णतेत काम असेल तर पाण्याची बाटली सोबत हवी. वजन जास्त असेल तर हळूहळू उतरवा.

हे सगळं काटेकोर केलं तरी पथ्याने साधारण एक आकड्याचा फरक पडतो, ९.२ चे ८.२ वगैरे. कारण शरीरात तयार होणाऱ्या युरिक ॲसिडचा मोठा भाग आपल्याच पेशींच्या मोडतोडीतून येतो, आणि बहुतेकांची खरी अडचण ते किडनीवाटे पुरेसं बाहेर न पडण्याची असते. त्यात स्वभावाचा, हावरटपणाचा काही दोष नाही. मिस्टरांना खाण्यावरून टोमणे ऐकावे लागत असतील तर ते थांबवा.

जन्मभर का? बहुतेकांना हो, खूप वर्षं. सुरुवात सर्वात जड असते. पहिल्या वर्षात मात्रा जुळेपर्यंत दर चार आठवड्यांनी युरिक ॲसिड, सोबत क्रिएटिनिन आणि लिव्हरच्या तपासण्या, नंतर सहा महिन्यांनी एकदा. आकडा ६ खाली टिकला की झटके विरळ होतात आणि मग थांबतात. गोळी सोडली की लगेच काही होत नाही, म्हणूनच सोडणाऱ्याला वाटतं की बरं झालो. पाक पुन्हा घट्ट होतो आणि महिन्यांनी, कधी वर्षा-दोन वर्षांनी खडे परत धरतात. आणि पुढे कधी झटका आलाच तर गोळी चालूच ठेवायची, दुखण्याचं औषध वेगळं घ्यायचं.

तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत मी असतो तर गुडघा शांत होऊ दिला असता, कोल्चिसिन सुरू केलं असतं, आणि एक-दोन आठवड्यांनी फेबुक्सोस्टॅट ४० पुन्हा. काही डॉक्टर दुखण्यातच सुरू करतात, तेही चालतं. चार आठवड्यांनी रक्त, ६ च्या वर असेल तर ८०. त्याच डॉक्टरांकडे परत जा. घडलं ते सांगा, कोल्चिसिनबद्दल आणि बीपीच्या गोळीबद्दल विचारा. डॉक्टर बदलायची गरज मला दिसत नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय की कंपनीच्या कॅम्पमध्ये भाच्याचं युरिक ॲसिड ७.८ निघालं, त्याला काही दुखत नाही, पण तिथे गोळी लिहून दिली, ती घ्यावी का. सांधा कधी सुजला नसेल आणि मुतखडा नसेल तर मी देत नाही. असे बहुतेक लोक कधीच गाऊटपर्यंत पोचत नाहीत, आणि किडनी वाचेल या आशेनेही ती देण्यात अर्थ दिसत नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत ॲलोप्युरिनॉलने किडनीचा ऱ्हास मंदावला नाही. भाच्याचं वजन, बीपी आणि शुगर मात्र एकदा बघून घ्या, आणि एखाद्या रात्री त्याचा अंगठा सुजला तर ती सूज असतानाच डॉक्टरांना दाखवायला सांगा.